आम्ही त्याचा खेळ पाहत होतो

त्या रविवारी सामना अकोल्यात होता आणि आम्ही अमरावतीत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते. एरवी आम्ही गेलोच असतो. अकोला माझं माहेर, धाकटा भाऊ तिथेच राहतो, सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येतं. पण मामाजींचा गुडघा आठवडाभर सुजलेला होता आणि डॉक्टरांनी पायावर जोर देऊ नका म्हणून बजावलं होतं. "बसमधे बसायला कायचा जोर लागते?" असं ते सकाळपासून म्हणत होते. मी ऐकलं नाही. शेवटी जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला घरातला दुसरा मोबाइल टेकवून ठेवला आणि सामना लावला.

आता आमच्याकडच्या लहानसहान स्पर्धाही यूट्यूबवर दिसतात. कॅमेरा एकच असतो. मैदानाच्या एका टोकाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तो उभा करून ठेवतात. त्यात खेळपट्टी दिसते, आजूबाजूचे पाच-सहा खेळाडू दिसतात, बाकीचं मैदान आपण मनानेच धरायचं. समालोचन अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. चौकार गेला की समालोचक ओरडतो, पण चेंडू गेला कुठे ते दिसत नाही. मामाजी अशा वेळी मोबाइल उचलून तिरका करून पाहायचे, जणू वाकून पाहिलं तर सीमारेषा दिसेल.

मामाजी एसटीत ड्रायव्हर होते. अमरावती डेपो. वलगाव, दर्यापूर, अकोट हा रस्ता त्यांनी आयुष्यभर चालवला. निवृत्त झाल्यावर त्यांचं काही खरं नव्हतं. घरात ते कोणाशी बोलत नसत. सासूबाई गेल्यावर तर चहा हवा असला तरी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि मी विचारीपर्यंत गप्प. मग त्यांना क्रिकेटचा नाद लागला. टीव्हीवरच्या नाही, मैदानावरच्या. कुठेही चार माणसं पांढऱ्या कपड्यांत दिसली की ते कडेला जाऊन बसत. गुडघ्यामुळे त्यांना सोडायला-आणायला मी स्कूटीवर जाऊ लागले. मी शाळेत गणित शिकवते. सुरुवातीला मी तिथे बसून पेपर तपासायचे. हळूहळू पेपर मांडीवर राहू लागले आणि डोळे मैदानाकडे. मामाजी मला समजावून सांगू लागले. घरात वर्षानुवर्षं जे सासरे-सून एकमेकांशी दोन वाक्यांच्या वर बोलले नव्हते, ते कडुनिंबाखाली बसून स्लिप कुठे असावी यावर भांडू लागले. नवरा हसायचा. त्याला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

ज्याच्यासाठी त्या रविवारी मोबाइल लावला होता, तो पोट्टा, तो मुलगा, आम्हाला अशाच एका सामन्यात सापडला. सापडला असंच मी म्हणते, कारण तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. दर्यापूरच्या पुढच्या एका गावचा, अकोल्याच्या एका क्लबकडून खेळायचा. उंच, काटक, डावखुरा गोलंदाज. त्याचा शर्ट कायम पँटीच्या बाहेर आलेला असायचा. पळत यायचा तेव्हा पावलांचा आवाज होत नसे. पहिल्याच षटकात एका तगड्या फलंदाजाने त्याला सणसणीत षटकार मारला. चेंडू आमच्या डोक्यावरून रस्त्यावर गेला. गोलंदाज चिडतात, मान खाली घालतात, कोणी क्षेत्ररक्षकावर ओरडतात. हा हसला. हसला म्हणजे खोटं नव्हे, खरोखर मजा वाटल्यासारखा. चेंडू परत आला आणि पुढच्या चेंडूवर त्या फलंदाजाचा मधला स्टंप उडाला. तेव्हाही तो तितकाच हसला, जास्त नाही.

"पाह्यलं काय बाई?" मामाजी म्हणाले. "याले दोनी सारखंच हाय."

त्या दिवसानंतर आम्ही तो जिथे खेळेल तिथे जायला लागलो. अमरावतीत असला तर स्कूटीवर, अकोल्यात असला तर बसने. त्याच्याशी आमचं बोलणं झालं ते एकदाच. सीमारेषेवर तो आमच्या अगदी समोर उभा होता आणि त्याने पाणी मागितलं. मामाजींनी बाटली दिली आणि संधी साधून सल्लाही दिला की, "बाबू, पाय जरा जवळ टाकत जाय, बॉल आत येईन." तो "हो काका" म्हणाला. पुढच्या षटकात त्याने खरंच पाय जवळ टाकून पाहिला आणि चेंडू इतका बाहेर गेला की यष्टिरक्षकाला लोळण घ्यावी लागली. त्याने आमच्याकडे वळून पाहिलं आणि पोट धरून हसला. मामाजी लाजले. मग तेही हसले. घरी येईपर्यंत स्कूटीवर मागे बसून हसत होते. मी त्यांना असं हसताना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या वर्षी त्याची वरच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झाली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर अंगठ्याएवढा फोटो आला. मामाजींनी तो पेपर रद्दीत टाकू दिला नाही.

तर त्या रविवारी आम्ही मोबाइल पाहत होतो. त्याची दोन षटकं झाली होती. एक बळी मिळाला होता. मग तो फाइन लेगला गेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाहेर. मी उठून कुकरची शिट्टी झाली का पाहायला गेले. परत आले तर मामाजी मोबाइलजवळ वाकले होते.

"हे कुठी पळून राहिले सगळे?"

पडद्यावर खेळपट्टी होती आणि दोन फलंदाज होते. गोलंदाज, पंच, यष्टिरक्षक सगळे एका बाजूला पळत चौकटीच्या बाहेर गेले होते. मग एक फलंदाजही बॅट टाकून पळाला. दुसरा तिथेच उभा राहून त्या दिशेने पाहत होता. समालोचक म्हणाला, "मैदानात काहीतरी... थोडा खेळ थांबलेला आहे... कदाचित क्रॅम्प आला असेल..." मग म्हणाला, "पानी, पानी लाओ," पण हे समालोचन नव्हतं, तो कोणाला तरी खरंच सांगत होता. मग माईक बंद झाला.

आता फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. खाली धावसंख्येची पट्टी तशीच होती. त्याच्या नावापुढे दोन षटकं, एक बळी. मामाजींनी मोबाइल उचलून तिरका केला. मग दोन्ही हातांनी धरून उलट्या बाजूने पाहिलं. काही दिसणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं.

"कॅमेरा फिरव ना बे," ते मोबाइलला म्हणाले. "थोडा फिरव."

कॅमेरा फिरला नाही. त्याऐवजी एका फर्निचरच्या दुकानाची जाहिरात लागली. जाहिरात संपली तेव्हा पडद्यावर ती रिकामी खेळपट्टी आणि तीन काठ्या. तो दुसरा फलंदाजही आता गेला होता.

मी भावाला फोन लावला. तो घरीच होता. म्हटलं, "मैदानावर जाऊन ये, काय झालं पाह्य." त्याला क्रिकेटचं वेड नाही, पण माझा आवाज ऐकून तो काही न विचारता निघाला. पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट आठवत नाही. कुकर गार झाला. नवरा बाहेरून आला, आमच्याकडे पाहून चप्पल न काढताच उभा राहिला. मामाजी सारखे म्हणत होते, "ऊन लागलं असन. सकाळी काही खाल्लं नसन त्यानं." त्यांनी एकदाही नाव घेतलं नाही. फाइन लेगला कोण उभं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

भावाचा फोन आला तेव्हा तो दवाखान्याच्या आवारात होता. मागून पुष्कळ माणसांचा आवाज येत होता.

"ताई, गेला वो तो," तो म्हणाला. "कोणाच्या तरी कारमधे घालून आणला. डॉक्टर म्हणते, आणला तवाच काही नव्हतं."

मी फोन कानाला लावूनच मामाजींकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी हात पुढे करून मोबाइल टेबलावर पालथा घातला. आम्ही ज्यावर सामना पाहत होतो तो मोबाइल. आणि मग ते उठून बाहेर जाऊ लागले. दाराशी जाऊन थांबले. कुठे जायचं ते त्यांनाच कळत नव्हतं. परत येऊन बसले. पुन्हा उठले. दुपारभर हे चाललं होतं.

आमचा प्रश्नच विचित्र होता. आपल्या घरचं कोणी गेलं तर काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं. कोणाला फोन करायचे, कोणाकडे जायचं, किती दिवस काय खायचं नाही. आम्ही त्याचे कोणी नव्हतो. शेजारच्या काकू सहज डोकावल्या, "काय झालं, घर एवढं चूप काऊन?" मी म्हटलं, एक क्रिकेट खेळणारा मुलगा वारला. त्या म्हणाल्या, "नात्यातला काय?" नाही म्हटलं. त्या "असो बाई" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

संध्याकाळी मामाजी म्हणाले, "मी मातीले जातो."

"गुडघा..."

"गुडघा गेला खड्ड्यात."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा कळवली आणि आम्ही दर्यापूरच्या गाडीत बसलो. मामाजी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, जिथे ते नेहमी बसतात. या रस्त्यावर ते कधी गप्प बसत नाहीत. कुठल्या वळणावर पूर्वी झाड होतं, कुठे पुलावरून पाणी जायचं, हे सांगत राहतात. त्या दिवशी वलगाव गेलं, पुढचे फाटे गेले, ते समोरच्या काचेतून रस्ता पाहत राहिले. ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. "काका, कुठी?" त्याने विचारलं. मामाजींनी गावाचं नाव सांगितलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "तो क्रिकेटवाला पोट्टा?" मामाजींनी मान हलवली. ड्रायव्हर म्हणाला, "माह्या भाच्यानं सांगतलं. लय वाईट झालं."

दर्यापूरच्या स्टँडबाहेर त्या बाजूला जाणारी जीप भरत होती. आम्हाला वाटलं ती त्याच गावाला जाते का ते आधी विचारावं लागेल. पण आत बसलेल्या पोरांच्या अंगावर क्लबच्या जर्सी होत्या. दोघांच्या टीशर्टवर मागे आकडेही होते. एक शेतकरी माणूस होता, एक मोबाइल दुरुस्त करणारा अकोल्याचा, एक बँकेत काम करणारे गृहस्थ. पोरं सोडली तर कोणीच कोणाला ओळखत नव्हतं आणि सगळे एकाच ठिकाणी चालले होते. मला बसायला पोरांनी जागा केली. मामाजींचा पाय सरळ राहावा म्हणून एकजण मागे लटकला.

जीप निघाली तशी पोरं बोलायला लागली. एकाचं म्हणणं, तो सकाळपासून छातीत जळते म्हणत होता. दुसरा म्हणाला, नाही, काहीच म्हणत नव्हता, उलट गाणं म्हणत होता. तिसऱ्याने विचारलं, "त्यानं एनर्जी ड्रिंक घेतलं होतं काय?" मोबाइलवाल्याने सांगितलं की व्हॉट्सॲपवर इंजेक्शनचं काही फिरत आहे. शेतकरी म्हणाला, "हे सगळं बोलणं आता कायले?" पोरं गप्प झाली, पण थोड्या वेळाने पुन्हा तेच सुरू झालं. त्यांचंही बरोबर होतं. कारण सापडलं असतं तर हाताला धरायला काहीतरी मिळालं असतं.

पुढे कधीतरी भावाने डॉक्टरांकडून ऐकून सांगितलं. त्याच्या हृदयाची भिंत जन्मापासून जाड होती म्हणे. बाहेरून काही दिसत नाही. माणूस धावतो, खेळतो, हसतो आणि एक दिवस ते थांबतं. तपासणी केली असती तर कदाचित कळलं असतं. पण धडधाकट पोराची अशी तपासणी कोण करतं? मामाजींनी हे सगळं नीट ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "पण काऊन?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

गावात आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. दारात पंचरंगी ध्वज होता. मांडवात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या जळत होत्या आणि भंतेजी त्रिशरण, पंचशील म्हणत होते. मागून सगळी वस्ती म्हणत होती. आम्हाला ते शब्द येत नव्हते. आजूबाजूच्या लहान पोरींनाही येत होते. मी हात जोडून उभी राहिले. मामाजींचे ओठ हलत होते. त्यांच्या डेपोतले पुष्कळ सोबती बौद्ध होते, त्यामुळे त्यांना थोडंफार येत असावं किंवा ते नुसतेच हलत असावेत.

त्याला मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. आमच्या मनात तो कायम पळत असायचा. कोणीतरी त्याला क्लबची जर्सी घातली होती आणि ती नीट पँटीत खोचली होती.

अंत्ययात्रा निघाली तेव्हा मामाजी चार पावलं चालले आणि गुडघ्याने नकार दिला. ते कुंपणाला धरून उभे राहिले. मी त्यांना परत अंगणात आणून खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळाने दोन बायका त्याच्या आईला धरून घेऊन आल्या. ती वाटेतच कोसळली होती. तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी दिलं. ती रडत नव्हती. रडून संपलं असावं. अंगणात बहुतेक बायकाच उरल्या होत्या, त्यात एक म्हातारा अनोळखी माणूस खुर्चीत बसलेला. तिची नजर त्याच्यावर थांबली.

"तुमी कुठले जी?"

"अमरावतीचे," मामाजी म्हणाले.

"याच्या बाबाच्या ओळखीचे काय?"

"नाही बाई."

"मंग? तुमी त्याचे कोण?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आम्ही कोणी नाही. आम्ही त्याचा खेळ पाहत होतो."

तिला ते समजायला वेळ लागला. "खेळ पाहाले इतक्या दुरून?"

"तो जिथं खेळेल तिथं जात होतो."

"मी नाही पाह्यला कदी," ती म्हणाली. "मले भेव वाटे. बॉल दगडावानी रायते म्हणे. तो घरी आला की मी पयले त्याचे हात पाहू. बोटं बराबर हायेत का पाहू." तिने स्वतःचा हात उघडून पाहिला. मग मामाजींना विचारलं, "कसा खेळे जी तो?"

"लय चांगला."

ती वाट पाहत राहिली. आणखी काहीतरी पाहिजे होतं तिला. मामाजी खुर्चीवरून खाली उतरले. त्या गुडघ्याने कसे उतरले मला कळलं नाही. जमिनीवर बसले आणि म्हणाले, "त्याचा बॉल आत ये वो. म्हणजे बाहेर जाऊन राहिला असं वाटे समोरच्याले, अन् मंग आत ये."

"आत म्हणजे कुठी?"

मामाजींनी अंगणातल्या धुळीत बोटाने रेघ ओढली. रेघ वेडीवाकडी आली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली. "इकडून असा गेला... अन् असा आला."

तिने त्या रेघेकडे पाहिलं. "हे चांगलं असते काय?"

"लय चांगलं असते. सगळ्याइले नाही येत."

"मंग बरं," ती म्हणाली.

तिच्याजवळ बसलेली शेजारची सून म्हणाली, "मावशी, मोबाइलवर हाय ना त्याचा खेळ," आणि तिने पदराआडून फोन काढला. त्याचं नाव टाकून ती शोधू लागली. त्याच्या नावावर सगळ्यात आधी कुठला व्हिडिओ येणार हे मला माहीत होतं. मी हात पुढे करून पडदा झाकला.

"आता नको," मी म्हटलं.

आई माझ्या हाताकडे पाहत राहिली. "काऊन?"

"नंतर पाहा. मी चांगले पाठवीन."

"तुमचा नंबर द्या मंग," ती म्हणाली. तो सांगताना माझे आकडे चुकत होते. रोज गणित शिकवणारी मी. शेवटी त्या सुनेने आईच्या फोनवरून मला मिस्ड कॉल दिला.

नंतरचे दिवस मला नको होते तसे गेले. भाऊ त्या यूट्यूबवाल्याला जाऊन भेटला. तो माणूस म्हणजे तोच समालोचक निघाला. त्याने त्या दिवसापासून कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. भावासमोर त्याने तो व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तुकडे सगळीकडे गेले होते. रिकामी खेळपट्टी, पळणारे खेळाडू, वर उदास गाणं आणि रडणारे इमोजी. एकदा मामाजी दाढी करायला गेले असताना शेजारच्या खुर्चीत कोणीतरी ते आवाजासकट लावलं. मामाजी गळ्यातलं फडकं काढून उठले. एका गालावर फेस तसाच घेऊन घरी आले. मी त्यांना टॉवेल दिला. उरलेली दाढी त्यांनी दोन दिवस केली नाही. मीही म्हटलं नाही.

स्पर्धा थांबवली होती, ती पुन्हा सुरू झाली. अंतिम सामन्याला आम्ही अकोल्याला गेलो, कारण मामाजी म्हणाले जायला पाहिजे. खेळाडूंनी हाताला काळ्या फिती बांधल्या होत्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग पंचांनी "प्ले" म्हटलं आणि खेळ सुरू झाला. दुसऱ्याच षटकात कोणीतरी सुंदर ड्राइव्ह मारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाजींनीही वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. फाइन लेगला दुसरा एकजण उभा होता. चांगला मुलगा होता, शर्ट खोचलेला. त्याच्याकडे पाहवेना. जेवणाच्या सुट्टीत आम्ही उठून भावाकडे गेलो.

त्याच्या आईला मी व्हिडिओ पाठवले. जुने, त्याने बळी घेतलेले. भावाने आणि त्या समालोचकाने मिळून शोधून दिले होते. पलीकडून काही आलं नाही. फक्त निळ्या खुणा आल्या, म्हणजे कोणीतरी उघडले होते. मी फोन करावा का, या विचारात पुष्कळ दिवस घालवले. काय बोलायचं? मी त्यांची कोण?

मग एका दुपारी तिचाच फोन आला. मी शाळेतून नुकतीच आले होते. तिने स्वतःची ओळख सांगितली नाही, गावाचं नाव सांगितलं.

"कुठी मॅच हाय का आज?" तिने विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मॅच?"

"हो. टीव्हीवर नाही. तुमी पाहता ते."

मैदानावर दोन कॉलेजांचा सामना चालू होता, मामाजी तिकडे गेले होते. मी तसं सांगितलं.

"कोण जिंकून राहिलं?"

मला माहीत नव्हतं. तिला थांबायला सांगून मी स्कूटी काढली. मैदानावर जाऊन मामाजींच्या हातात फोन दिला आणि हळूच सांगितलं कोण आहे ते. त्यांनी फोन कानाला लावला.

मग ते म्हणाले, "एक लंबा पोट्टा बॅटिंग करून राहिला. हो. नाही, डावा नाही, उजवा हाय." थोडं थांबून, "बॉलर आता पळत येऊन राहिला. टाकला. सोडून देल्ला त्यानं."

ते सांगत राहिले. तिला शब्द कळत होते की नाही मला माहीत नाही. मी बाजूला बसले. षटक संपलं, बाजू बदलल्या, मामाजींनी तेही सांगितलं. शेवटी तिने काहीतरी विचारलं. मामाजींनी फोन माझ्याकडे दिला.

"काय म्हणल्या?" मी नंतर विचारलं.

"त्या लंब्या पोट्ट्याच्या आईले भेव वाटत नसन काय, असं विचारे."

ती अजूनही मधूनमधून फोन करते. कधी महिनाभर नाही, कधी एकाच आठवड्यात दोनदा. सामना नसला की मामाजी खोटं बोलत नाहीत, आज नाही बाई, म्हणतात. असला की सांगतात. काय साधतं यातून ते मला कळत नाही, त्यांनाही कळत नाही. ती ऐकते, मग "बरं जी" म्हणून ठेवते, आणि आम्ही दोघं पुढची दोन-तीन षटकं पाहत बसतो.